बरण्या रिकाम्या करायला सहा आठवडे: हृदयाच्या विकृतिशास्त्रातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका सार्वजनिक रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातलं, तिथल्या विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी विभागात बरण्यांत जपलेल्या हृदयांचं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून सालं, काही आकडे आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवलेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना विभागात सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत, म्हणून इथेही तेच. मी आधी त्यांची रेसिडेंट होते आणि नंतर त्याच विभागात लेक्चरर. शेवटच्या सहा आठवड्यांत जी चूक झाली तिच्यात माझा हात होता, तेही लिहिलं आहे. मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच शेरा मारला: “संग्रह कसला म्हणतेस, बरण्या म्हण.”

पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात पॅथॉलॉजीत एमडी झालेल्या माणसापुढे दोन सरळ रस्ते होते. स्वतःची लॅब काढायची, नाहीतर कॅन्सरच्या बायोप्सी वाचण्यात हात बसवायचा. कॅन्सरचा रिपोर्ट जिवंत माणसाच्या उपचाराला लागतो, सर्जन फोन करून विचारतो, त्या कामाला एक निकड असते. हृदयाचं तसं नाही. हृदय पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येतं ते बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच. मॅडमच्या बरोबरीच्या मुलांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, “मेलेल्यांची प्रॅक्टिस करणार का?”

त्यांना हृदयाकडे ओढणारी केस त्या दर वर्षी नव्या रेसिडेंटना सांगत. त्या दुसऱ्या वर्षाला असताना चौतिशीतल्या एका माणसाचं हृदय आलं. कामावरून घरी येऊन पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेला. कागदावर लिहिलं होतं, हृदयविकाराचा तीव्र झटका. हृदयाच्या स्नायूचे सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपसाठी कापलेले पातळ काप, पाहिले तर सगळं ठीकठाक. यात नवल काहीच नव्हतं. झटक्यानंतर माणूस पहिल्या दोन-तीन तासांत गेला तर साध्या मायक्रोस्कोपखाली स्नायूत दिसण्यासारखं फारसं काही घडलेलं नसतं. पेशी मेल्याच्या ठळक खुणा उमटायला चार ते बारा तास जातात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी एक ते तीन दिवसांत होते आणि पक्का व्रण व्हायला दोन महिने लागतात. ताज्या हृदयाच्या चकत्या टेट्राझोलियमच्या द्रावात ठेवल्या तर जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो आणि मेलेला फिकट राहतो, पण तेही इतक्या लवकर गेलेल्या माणसात हाती लागत नाही. शिवाय हृदय एकदा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रावात, बुडलं की ती चाचणी करताच येत नाही.

मग उरतात त्या रक्तवाहिन्या. त्या हृदयाच्या तिन्ही धमन्या कुणीतरी आधीच कात्रीने लांबीत उघडल्या होत्या, आणि रिपोर्ट होता ‘विशेष काही नाही’. मॅडमच्या सरांनी उरलेले तुकडे कॅल्शियम काढायच्या द्रावात दोन दिवस घालायला लावले. तिसऱ्या दिवशी एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या डाव्या धमनीच्या, एका आडव्या सेक्शनमध्ये चरबीच्या थराची पातळ टोपी फाटलेली दिसली आणि त्या फटीत अडकलेली गुठळी. जेमतेम चार मिलिमीटरचा प्रकार. कात्रीने बाकीची गुठळी केव्हाच ढकलून दिली होती. “चार मिलिमीटर,” मॅडम बोटांच्या चिमटीत दाखवत, “एवढ्यावर एका घराला सांगायचं होतं की तो का गेला.”

या गोष्टीमागे त्या एक जुना वाद लावून देत, आणि तो इथे सांगायलाच हवा, कारण पुढच्या निर्णयांवर त्याची सावली आहे. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये लिहिलं की कोरोनरी धमनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो आणि त्याचं निदान जिवंतपणी करता येतं. पुढे काही दशकांनी याच्या उलट शंका निघाली. झटक्याने गेलेल्या पुष्कळ माणसांत शवविच्छेदनात गुठळी सापडेना, म्हणून काही नामवंत पॅथॉलॉजिस्ट म्हणू लागले की गुठळी हे झटक्याचं कारण नसून परिणाम असावा. हा घोळ मिटवला तो जिवंत रुग्णांवरच्या तपासणीने. १९८० मध्ये डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटका आल्यापासून चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांमध्ये धमनी पूर्ण बंद असल्याचं दाखवलं. लगेच १९८४ मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि थॉमस यांनी अचानक हृदयमृत्यू झालेल्या १०० जणांच्या धमन्या बारकाईने कापल्या आणि ७४ जणांत गुठळी शोधून काढली. यातून मॅडम दोन गोष्टी काढत. पॅथॉलॉजिस्टच्या समोर फक्त मेलेली माणसं येतात, म्हणून एकट्याने निष्कर्ष काढू नये. आणि ‘सापडलं नाही’ असं लिहिण्याआधी आपण कापलं कसं ते पाहावं.

त्यांनी प्रश्न निवडला तो असा: चाळिशीच्या आत अचानक जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांच्या धमन्यांत नेमकं काय असतं? थर फाटतो, नुसता वरून खरवडला जाऊन गुठळी होते, की आणखी काही? भारतीय माणसाला कोरोनरीचा आजार लवकरच्या वयात गाठतो हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतच होते. पण धमनी कापून पाहिलेली आपल्याकडची नोंद थोडी होती.

पहिला निर्णय: हृदय आणायचं कुठून

हा निर्णय मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो, आणि त्याचं श्रेय मॅडमना कुणी फारसं दिलं नाही.

रुग्णालयातली शवविच्छेदनं दोन प्रकारची. वैद्यकीय शवविच्छेदन नातेवाइकांच्या संमतीने होतं आणि ते पॅथॉलॉजी विभाग करतो. पोलीस केसचं न्यायवैद्यक शवविच्छेदन फॉरेन्सिकवाले करतात, त्याला पंचनामा लागतो, नातेवाइकांची संमती लागत नाही. सोनोग्राफी, इको, सीटी स्कॅन आल्यावर पहिल्या प्रकारची शवविच्छेदनं जगभर झपाट्याने कमी झाली, आमच्याकडेही. आणि तरणाताठा माणूस घरात किंवा रस्त्यात अचानक गेला की तो जातो फॉरेन्सिककडे. म्हणजे मॅडमना हवी असलेली हृदयं शेजारच्या विभागात होती. तिथून ती पॅथॉलॉजीकडे येत, पण सूक्ष्म तपासणीसाठी म्हणून एक-दोन तुकड्यांच्या रूपात, नाहीतर सगळ्या बाजूंनी उघडलेली.

पत्र लिहून विनंती करणं हा एक मार्ग होता. तो वापरून झाला होता, पत्राला रीतसर पोच मिळाली होती. मॅडमनी मग वेगळं केलं. सहा महिने त्या आठवड्यातून दोनदा सकाळी पीएम रूममध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीत, जाऊन उभ्या राहिल्या. तिथले डॉक्टर, तिथले मामा म्हणजे मदतनीस यांच्याशी ओळख वाढवली. एका जाड पुठ्ठ्यावर हृदयाचं चित्र काढून भिंतीला लावलं: वरच्या मोठ्या वाहिन्या एवढ्या राखून कापा, धमन्यांना कात्री लावू नका, पोकळ्यांतलं रक्त धुऊन टाका, हृदय अख्खं पाठवा. बदल्यात आठ दिवसांत रिपोर्ट देण्याची हमी दिली. फॉरेन्सिकवाल्यांची खरी डोकेदुखी तीच होती, हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत मृत्यूचं कारण राखून ठेवावं लागतं आणि पोलीस रोज विचारायला येतात. तेव्हापासून अख्खी हृदयं येऊ लागली.

प्रत्येक हृदयाचं वजन, भिंतींची जाडी, दर तीन-चार मिलिमीटरवर धमनीचा आडवा छेद. वजनाचा आकडा साधा वाटतो, पण पुरुषाचं हृदय साधारण तीनशे ते साडेतीनशे ग्रॅमचं असतं हे डोक्यात पक्कं असलं की साडेपाचशे ग्रॅमचं हृदय हातात घेताच प्रश्न बदलतो.

दुसरा निर्णय: थांबायचं कधी

इथे माझं आणि मॅडमचं अजूनही जमत नाही.

दहाएक वर्षांत त्यांच्याकडे छापण्याजोगी मालिका तयार झाली होती. विभागप्रमुखांनी सुचवलं, आहे त्यावर निबंध लिहून टाका. मॅडमचं म्हणणं, इतक्या थोड्या हृदयांवर बोललं तर लोक त्याची टक्केवारी करून मिरवतील, आणि फॉरेन्सिककडे आलेल्यांवरून गावातल्या प्रमाणाबद्दल बोलणं चूक आहे. दोन्ही मुद्दे बरोबर. पण “अजून थोड्या केसेस होऊ देत” हे वाक्य पुढे एकोणीस वर्षं चाललं. मधल्या काळात त्यांनी सुटे केस रिपोर्ट छापले, झडपांवरचं बरंच काम केलं, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना दिशा दिली. बढतीला लागतील तेवढे निबंध झाले. मुख्य काम बरण्यांमध्ये आणि तीन फुलस्केप वह्यांमध्ये राहिलं.

त्या वह्यांबद्दल सांगते. प्रत्येक पानावर एका हृदयाची पेन्सिलीने काढलेली बाह्यरेषा, चकत्यांची चित्रं, कुठून ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवलेला तुकडा) घेतला तिथे छोटा चौकोन, आणि बाजूला मॅडमची स्वतःची लघुलिपी. एखाद्या अक्षराखाली दोन टिंबं, काही ठिकाणी लाल रेघ. त्यातलं काय म्हणजे काय, हे त्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

अडचण

मॅडमच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. इमारतीच्या संरचनात्मक तपासणीत आमच्या मजल्यावर वजन जास्त असल्याचं निघालं आणि म्युझियममागची खोली सहा आठवड्यांत रिकामी करा असं पत्र आलं. त्या खोलीत तीन भिंतींना लागून लोखंडी मांडण्या आणि त्यांवर बरण्या. काही मॅडमच्या, काही त्यांच्या सरांच्या, काही त्याहूनही जुन्या. संधिवाताच्या तापाने जाड होऊन चिकटलेल्या झडपा, जन्मजात दोषांची मुठीएवढी हृदयं. काही बरण्यांची झाकणं गळत होती. फॉर्मॅलिनचा वास इतका की दार उघडलं की डोळ्यांतून पाणी. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर घडवतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच म्हटलं आहे, तेव्हा तक्रार करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता.

पत्र आलं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, अडचण जागेची आहे. मांडणीवरची पहिली ओळ तपासायला घेतली तेव्हा कळलं की अडचण नोंदींची आहे. मधे कधीतरी विभागात संगणक आला तेव्हा पीएम क्रमांकांची पद्धत बदलली. जुनी रजिस्टरं एकदा पावसात भिजली होती. बरणीतल्या चिठ्ठीवर एक क्रमांक, रजिस्टरमध्ये दुसरा, आणि दोघांना जोडणारा दुवा मॅडमच्या वह्यांत, त्यांच्या लिपीत. ज्या चिठ्ठ्या कुणीतरी बॉलपेनने लिहिल्या होत्या त्यांची शाई धुऊन गेली होती. पेन्सिलीने लिहिलेल्या मात्र वीस वर्षांनंतरही वाचता येत होत्या.

त्यात संमतीचा प्रश्न. आमच्या एथिक्स कमिटीने रास्त विचारणा केली: ही अख्खी हृदयं ठेवून घ्यायला कुणी परवानगी दिली होती? पोलीस केसमध्ये शवविच्छेदनाला संमती लागत नाही, म्हणून अवयव संशोधनासाठी कायमचा ठेवायलाही लागत नाही असा अर्थ होत नाही. हा प्रश्न हवेतला नव्हता. इंग्लंडमध्ये १९९९ साली ब्रिस्टलच्या बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी चालू असताना एका तज्ज्ञाच्या साक्षीत लिव्हरपूलच्या ऑल्डर हे रुग्णालयातल्या बालकांच्या हृदयांच्या मोठ्या संग्रहाचा उल्लेख आला, तोही कौतुकाने. त्यातून उघड झालं की पालकांना न सांगता मुलांचे अवयव ठेवले गेले होते. तिथला २००४ चा मानवी ऊतींचा कायदा त्याच प्रकरणातून पुढे आला. मॅडमना हे माहीत होतं. “आपण तेव्हा विचारलं नाही,” एवढंच त्या कमिटीसमोर म्हणाल्या. सबब सांगितली नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय प्रशासनाला सोयीचा होता: सगळं पिवळ्या पिशव्यांत, म्हणजे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे मानवी अवयवांच्या वर्गात घालून जाळायला पाठवायचं. दोन दिवसांचं काम.

दुसरा, दुसऱ्या महाविद्यालयाला सगळं देऊन टाकायचं. एकाने तोंडी होकारही दिला होता. पण नोंदी नसलेल्या बरण्या तिकडे गेल्या असत्या तर तिथल्या मांडणीवर फक्त शोभेला राहिल्या असत्या, आणि पोलीस केसचं साहित्य परस्पर हलवायचा आम्हाला अधिकार नव्हता.

तिसरा, मॅडमना मनातून हवा असलेला: एक तात्पुरती शेड मागायची आणि सगळं ठेवायचं. यावर मी पहिल्यांदा त्यांना स्पष्ट बोलले. “मॅडम, दीड वर्षाने तुम्ही नसाल. मग या शेडमध्ये काय आहे ते मी कुणाला काय सांगू?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, “मग निवडायचं कसं ते ठरव.”

निवडायचं कसं यावर दोन दिवस घासाघीस झाली. माझं मत होतं की मॅडमच्या प्रश्नातली, म्हणजे तरुणांची हृदयं आधी वाचवावीत. मॅडमनी उलटं सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं. कोरोनरीच्या कामात जीव आहे तो पॅराफिनच्या म्हणजे मेणाच्या ब्लॉकमध्ये आणि स्लाइडमध्ये. धमन्यांचे तुकडे त्यात आलेले आहेत. वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या स्नायूतला डीएनए तुटून गेलेला असतो. ब्लॉकमधला त्या मानाने बरा, कारण तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये दिवसभरच असतो. ते हृदय गेलं तरी काम राहतं. जन्मजात दोषाच्या हृदयाचं तसं नाही. त्याच्यातलं ज्ञान तीन बाजूंनी फिरवून पाहण्यात आहे, कुठली वाहिनी कुठून निघाली, पडद्यातलं भोक झडपेच्या कुठल्या बाजूला आहे. आणि शस्त्रक्रियेविना वाढलेलं तसं हृदय आता दिसणं कठीण, कारण मुलांची ऑपरेशनं वेळेत होतात. हे चांगलंच आहे, पण शिकणाऱ्या सर्जनला हातात घ्यायला मग उरतं काय?

काय केलं

तीन गट पाडले. जन्मजात दोषांची आणि जुन्या शस्त्रक्रिया झालेली हृदयं अख्खी ठेवायची, त्यांचा द्राव बदलायचा, नव्या बरण्यांत घालायची. कोरोनरीची हृदयं चारी बाजूंनी फोटो काढून, वजन पुन्हा घेऊन, ब्लॉक आणि स्लाइड जागेवर आहेत याची खात्री करून मगच सोडायची. ज्यांचा काहीच पत्ता लागत नाही ती शेवटी. पोलीस केसच्या प्रत्येक क्रमांकासाठी फॉरेन्सिककडून तपास पूर्ण झाल्याचं आणि हरकत नसल्याचं लेखी घ्यायचं ठरलं. मला हे काम सगळ्यांत रटाळ वाटलं होतं. पुढे एका केसची सुनावणी अजून चालू असल्याचं निघालं तेव्हा रटाळ वाटेनासं झालं.

एथिक्स कमिटीने आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे, निदानासाठी घेतलेले आणि उरलेले ब्लॉक व स्लाइड ओळख पुसून संशोधनाला वापरायला मुभा दिली. अख्ख्या हृदयांना संशोधनासाठी मुभा दिली नाही. शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरून काढता येईल तेवढी ओळखीची खूण काढायला सांगितली. मॅडमनी हे मुकाट्याने घेतलं. मला तेव्हा कमिटी कडक वाटली, आता वाटत नाही.

रोज दुपारी तीन ते सहा मॅडम वह्या वाचत आणि मी टंकत असे. एका पानाला कधी पाच मिनिटं लागत, कधी पाऊण तास. टिंबांचा अर्थ गुठळीचं वय होता. लाल रेघ म्हणजे ‘मला खात्री नाही’. लाल रेघा बऱ्याच निघाल्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर वाढला तो त्या रेघांमुळे.

चौथ्या आठवड्यात चूक झाली. एका मांडणीवरच्या बरण्या फार चिकट झाल्या होत्या. मी मामांना म्हटलं, “मामा, एवढ्या ओळीतल्या बरण्या जरा स्वच्छ करून ठेवाल?” मामांनी तीन तास राबून त्या लखलखीत केल्या. हृदयं एका मोठ्या ट्रेमध्ये काढली, बरण्या घासल्या, नवा द्राव भरला, हृदयं परत घातली. चिठ्ठ्या त्यांनी वाळायला ओळीत वर्तमानपत्रावर ठेवल्या होत्या. एकोणीस हृदयं, एकोणीस चिठ्ठ्या, आणि कुठली कुणाची ते सांगता येईना. मामांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, मी तर जपून ठेवल्यात सगळ्या,” ते म्हणाले. खरंच जपून ठेवल्या होत्या. चिठ्ठी आणि हृदय एका क्षणासाठीही वेगळं करायचं नाही, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं.

मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही उघडली, हातमोजे घातले आणि ट्रेसमोर स्टूल ओढलं. पुढचे दोन दिवस आम्ही जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. वहीतल्या चित्रात ज्या जागी चौकोन, तिथे हृदयात ब्लॉक कापल्याची खाच. चित्रातली चकती आणि हातातली चकती शेजारी धरायची, खाच जुळते का पाहायची. वजन ताडायचं, फॉर्मॅलिनमधलं वजन ताज्यापेक्षा थोडं वेगळं येतं तेवढं सोडून. जुन्या व्रणाची जागा पाहायची. डाव्या जवनिकेच्या टोकाला नाण्याएवढा पांढरा व्रण असलेलं हृदय पाच मिनिटांत सापडलं. काही मात्र अगदी एकमेकांसारखी. एकोणीसपैकी अकरा जुळली. आठ उरली.

काम करताना मॅडमनी कॅनडातल्या मॉड ॲबट यांची गोष्ट सांगितली. मॅकगिल विद्यापीठाने बाई म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारलेली ही डॉक्टर १८९८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या म्युझियममध्ये बरण्या लावायच्या कामाला लागली. तिला एक विलक्षण हृदय सापडलं, चिठ्ठीविना. तिने नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना पत्र लिहून विचारलं, आणि त्यांनी ओळख सांगितली, की हे अँड्र्यू होम्स यांनी १८२४ मध्ये छापलेलं हृदय. छापील वर्णन होतं म्हणून बरणीला नाव परत मिळालं. ॲबट यांनी पुढे असेच नमुने नोंदत जाऊन १९३६ मध्ये १००० केसेसचा जन्मजात हृदयदोषांचा ॲटलास काढला. गोष्ट संपल्यावर मॅडम आठ हृदयांकडे पाहत म्हणाल्या, “मी छापलं असतं तर यांचं काय झालं असतं गं?” मी उत्तर दिलं नाही.

काय निष्पन्न झालं

खोली मुदतीच्या दोन दिवस आधी रिकामी झाली. जन्मजात दोषांचे नमुने शरीररचनाशास्त्राच्या खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गेले आणि तिथे हृदय-शस्त्रक्रियेचे रेसिडेंट महिन्यातून एकदा येतात. आधी ते येत नव्हते, कारण खोलीला कुलूप असायचं आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

मुख्य निबंध मॅडमच्या निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी एका भारतीय नियतकालिकात आला. मूळ बेतापेक्षा लहान. ज्यांची नोंद, ब्लॉक आणि कारण तिन्ही जुळत होतं तेवढीच हृदयं त्यात घेतली. परीक्षकाने नेमकी तीच हरकत घेतली जी मॅडम वीस वर्षं सांगत होत्या: फॉरेन्सिककडे आलेल्या मृतांवरून लोकसंख्येतलं प्रमाण सांगता येत नाही. आम्ही शीर्षकातून ‘प्रमाण’ हा शब्दच काढला. ती हरकत एका ओळीने मिटली, तिच्या भीतीपोटी निबंध मात्र वीस वर्षं अडला होता.

न जुळलेली आठ हृदयं ठेवायची की नाही यावर मत पडलं. संशोधनाला ती निकामी होती. मॅडमचं म्हणणं पडलं की ज्यांचं नाव आपण हरवलं त्यांना मांडणीवर ठेवून काय शिकवणार, त्यांना रीतसर निरोप द्यावा. तसं केलं. त्या सकाळी मामांनी कुणाला न विचारता ट्रेवर झेंडूची फुलं ठेवली होती.

वेगळं काय करता आलं असतं

मॅडमचं उत्तर एक आणि माझं दुसरं आहे, आणि दोन्ही लिहिते.

त्यांना वाटतं चूक संमतीची होती. पहिल्याच वर्षी फॉरेन्सिकशी बोलून, नातेवाईक मृतदेह घ्यायला येतात तेव्हा एक साधा मराठी कागद पुढे ठेवायला हवा होता: हृदय तपासणीनंतर काही काळ ठेवून घेतलं तर चालेल का, नंतर काय करावं. शोकात असलेल्या माणसाला असं विचारणं क्रूर होईल असं त्यांना तेव्हा वाटलं. अलीकडे आमच्या विभागात वैद्यकीय शवविच्छेदनाच्या अर्जात ही ओळ घातली आहे. विचारल्यावर किती जण हो म्हणतात हे पाहून आम्हीच चकित झालो. पुष्कळांचा प्रश्न उलटा असतो, “यातून आमच्या मुलांना काही कळेल का?” बाप तरुणपणी गेलेल्या घरात तो प्रश्न रास्त आहे, आणि तिथे कधी कधी आम्ही खरंच सांगू शकतो, मुलांची कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्या म्हणून.

मला वाटतं चूक कुलपाची होती. वह्या दुसऱ्या कुणाला वाचता येतील अशा असत्या, दर तीन वर्षांनी जेवढं आहे तेवढं छापलं असतं, तर चार रेसिडेंटना त्यात हात घालता आला असता. मॅडम म्हणतात, चार हात लागले असते तर धमन्या पुन्हा कात्रीने उघडल्या गेल्या असत्या. हे अगदीच खोटं नाही. त्यांच्यानंतर भिंतीवरचा पुठ्ठा रंगकामात निघाला आणि तीन महिन्यांत लांबीत उघडलेल्या एलएडी परत येऊ लागल्या. नवा पुठ्ठा मी लॅमिनेट करून लावला आहे, पण पीएम रूममध्ये आठवड्यातून दोनदा जाऊन उभं राहणं मला अजून जमलेलं नाही.

तिसऱ्या वहीतली काही पानं टंकायची राहिली आहेत. अडलं की मी संध्याकाळी फोन करते. “मॅडम, आडव्या रेघेवर छोटा बाण आहे, खाली तीन टिंबं.” पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू येते आणि मग, “थांब, गॅस बंद करते. पान कुठलं ते सांग आधी.”